वयाचा दाखला

सोमेश्वरनगरला वर्षाचे भाग दोनच: सीझन आणि ऑफ सीझन. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, पूजा होऊन गव्हाणीत मोळी पडते, आणि तिथून उन्हाळा तोंडावर येईपर्यंत नीरा-बारामती रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरलेला असतो. करंजेपुलावर चहाला थांबावं तर मळीचा वास तिथेही येतो. मग एक दिवस पट्टा पडतो, गाळप संपतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखाना आता थंड झाला. वर्कशॉपची खरी धांदल मात्र त्याच दिवशी सुरू होते. मिलचे रोल उतरवायचे, लेथवर चढवायचे, ऊस दाबून दाबून झिजलेल्या खाचा पुन्हा काढायच्या, टर्बाइन उघडायचं, बॉयलरच्या नळ्या एकेक करून बघायच्या. माझ्या वडिलांची, तात्यांची, सगळी नोकरी अशाच एका मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून झाली.

‘यंत्र जुनं झालं’ असं सरसकट वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. बेअरिंग गेलंय, बुश खाल्लाय, कपलिंग आवाज करतंय, असं ते नेमकं बोलतात. जे बिघडलं त्याला नाव असतं, आणि ज्याचं नाव सांगता येतं ते दुरुस्त करता येतं किंवा बदलता येतं. त्या घरात वाढल्यामुळे ही रीत माझ्याही अंगात मुरली. घरातला संगणक एका तारखेला ‘जुना’ ठरला, तेव्हा तो नेमका कशाने जुना झाला, हे शोधल्याशिवाय मला राहवेना.

संगणक २०१४ सालचा. ताई घरबसल्या टायपिंगची कामं करायची, तिच्यासाठी आणलेला. इंटेलच्या चौथ्या पिढीतला आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७, पुढे विंडोज १०. ताई सासरी गेली, संगणक इथेच राहिला आणि घरादाराचा झाला. डेअरीच्या दुधाचा हिशेब त्यात आहे, उसाच्या टनेजच्या आणि बिलांच्या नोंदी आहेत, सातबाऱ्याच्या प्रती आहेत, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत. आणि एका फोल्डरमध्ये आईच्या ओव्या आहेत. आईने सांगायच्या आणि ताईने टाइप करायच्या, अशा दोघींनी मिळून जमवलेल्या.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या दिवसापासून नेहमीप्रमाणे मिळणं बंद झालं. घरगुती संगणकांना आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नाव नोंदवून दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली गेली. पुढची पायरी विंडोज ११ ची. ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली ती अटी घेऊनच: टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूट हवं, आणि प्रोसेसर मान्यताप्राप्त यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला कुणी सातव्या पिढीचा कोरा संगणक घेतला असेल, तर यादी आली तेव्हा तो जेमतेम चार-साडेचार वर्षांचा होता आणि तरीही बाहेर राहिला. सातव्या पिढीतल्या अगदी मोजक्या प्रोसेसरांना मागाहून जागा मिळाली. चौथ्या पिढीचा तर प्रश्नच नव्हता.

या अटी कुणाच्या लहरीवर ठरलेल्या नाहीत, हे आधी मान्य करायला हवं. टीपीएम ही किल्ल्या सांभाळणारी चिप आहे. डिस्क कुलूपबंद केली तर तिची किल्ली त्याच डिस्कवर न राहता या चिपमध्ये राहते, त्यामुळे चोराला नुसती डिस्क काढून नेऊन उपयोग होत नाही. नव्या प्रोसेसरांत घातक कोड अडवण्याची काही कामं हार्डवेअरच करतं, जुन्यात तीच सॉफ्टवेअरला करावी लागतात आणि वेग पडतो. आणि दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली वापरत राहणं हा भाबडेपणा महागात पडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने जगभरचे संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प केली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. जिथे ती बसवली गेली नव्हती तिथे तो घुसला. आज खेड्यातल्या संगणकावरही आधार कार्ड, बँक, जमिनीचे कागद असतात. तेव्हा जुनी प्रणाली तशीच चालवत राहणं मला मान्य नव्हतं. नवी प्रणाली हवीच होती. प्रश्न होता तो या यंत्रावर ती चालेल का, एवढाच.

तात्या शेजारी बसून सगळं ऐकत होते.

“तात्या, यादीत आपला प्रोसेसर नाही.”

“यादीत न्हाई ते कळलं. टेस्ट कुणी घेतली?”

“टेस्ट नाही घेत. मॉडेल बघून ठरतं.”

“मग आपण घेऊ की.”

त्यांच्या बोलण्यामागे सबंध बॉयलर हाऊस उभं होतं. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं दगावली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ साली सबंध देशासाठी कायदा झाला, तो २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत चालला. त्या कायद्याची पद्धत विचार करण्यासारखी आहे. वापरातल्या बॉयलरला साधारणपणे एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांचाच दाखला मिळतो. मुदत संपली की निरीक्षक येतात. बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून ठेवलेला असतो. माणूस मॅनहोलमधून आत उतरतो, हातोडीने ठोकून बघतो, नळ्यांची जाडी मोजतो. पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन, कुठे झिरपतं का ते पाहतात. त्यानंतर पुढचा दाखला.

बॉयलर पंचवीस वर्षांचा झाला की नियम त्याला बाद करत नाही. तो त्याच्या भागांची खास परीक्षा घ्यायला सांगतो: किती आयुष्य उरलं आहे, याची. निकाल समाधानकारक आला तर पुढे दहा वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. नाही आला तर बॉयलर थांबतो, मग मालक कितीही मोठा असो. ज्या यंत्रातून चूक झाली तर माणसं मरतात, त्या यंत्राबद्दलही देशाने नियम केला तो तपासून ठरवण्याचा. मला हा फार मोठा शहाणपणा वाटतो. सुरक्षेची काळजी आणि जुन्या यंत्राचा मान, दोन्ही त्यात एकत्र नांदतात.

मग आम्ही टेस्ट घेतली.

कॅबिनेटचं पत्र्याचं दार काढलं तर आत धुळीचा थर आणि उसाच्या वाळल्या पाचटाचे बारीक तुकडेसुद्धा. ब्लोअर मारला, ब्रशने पंख्याची पाती साफ केली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. संगणक सुरू केला की तारीख मागे, कधीच्या कधी जायची. त्याचं कारण मदरबोर्डवरची बटणाएवढी सेल, सीआर२०३२. तीन व्होल्टची ही सेल वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवते. ती संपली की संगणक कारखान्यातून निघाला त्या काळात जाऊन बसतो. आणि तारीख चुकली की ब्राउझर कुठलंही संकेतस्थळ उघडायला तयार होत नाही, कारण प्रत्येक स्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. माणसं म्हणतात, मशिन जुनं झालं, नेट धरत नाही. बिघडलेली असते ती ही एवढीशी सेल.

रॅम तपासायला मेमटेस्ट लावून ठेवला. तो रॅमच्या प्रत्येक घरात आकडे लिहितो, परत वाचतो, जुळतात का बघतो. एकही चूक निघाली नाही. हार्ड डिस्क स्वतःची प्रकृती स्वतःच नोंदवून ठेवते. तिच्या नोंदीत खराब झालेले, बाजूला काढून ठेवलेले सेक्टर दिसले आणि ते वाढत होते. म्हणजे दोष सापडला, आणि त्याला नाव होतं. आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या. मग डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली. रॅम आठ जीबी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, वीजपुरवठ्याचा डबा यांना हात लावायची गरज पडली नाही. तात्यांनी निकाल दिला, “बॉडी चांगलीय. नळ्या बदलल्या.”

आता प्रणाली. पुढे दोन वाटा होत्या. पहिली, विंडोज ११ ची तपासणी ओलांडायची. हे तंत्र अवघड नाही. रजिस्ट्रीत एक नोंद करून अपग्रेड करण्याची रीत २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितली होती. अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही, हेही तिथेच सांगितलं होतं. पेन ड्राइव्ह तयार करतानाच अटी वगळणारं रुफस नावाचं साधन आहे. अशा रीतीने चालणारे कितीतरी संगणक मी पाहिले आहेत आणि ते उत्तम चालतात.

पण याच वाटेवर एक बोलका मुक्काम आहे. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागतेच लागते. एखाद्या संख्येत एकचे बिट किती आहेत ते एका झटक्यात मोजणारी ही सूचना. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या प्रोसेसरांत ती नाही. २००८ पासूनच्या कोअर आय मालिकेत आहे. ती नसेल तर विंडोज सुरूच होत नाही, कितीही युक्त्या केल्या तरी. ही खरी मर्यादा. यंत्राच्या अंगात ते बळ नाही, आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. आमच्या आय-थ्रीत ते बळ होतं, तो फक्त यादीत नव्हता. या दोन गोष्टी एकाच ‘आधार नाही’ या शेऱ्याखाली येतात, आणि त्यात कितीतरी धडधाकट यंत्रं भंगारात जातात.

मी दुसरी वाट धरली, विंडोज सोडून लिनक्स या प्रणालीची, ती हमीसाठी. आई-तात्यांच्या संगणकावर पुढची दुरुस्ती येईल की नाही, अशी टांगती तलवार मला नको होती. लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, तिला २०२९ पर्यंत आधार आहे. तिला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो, निदान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. प्रोसेसरच्या मॉडेलांची यादी नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की ही प्रणाली डिस्कला न शिवता पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. पडदा दिसतो का, आवाज येतो का, वायफाय धरतं का, प्रिंटर कागद ओढतो का, सगळं आधी बघा आणि मग बसवा. ही दाबाची चाचणीच झाली.

लिनक्सवालेही सगळं ओझं जन्मभर वाहत नाहीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्या ३८६ चाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्यात आला. एकवीस वर्षं तो चालला. जुन्यासाठी लिहिलेला प्रत्येक कोड कुणीतरी सांभाळावा लागतो, आणि सांभाळणाऱ्याच्याही हातांना मर्यादा असते. म्हातारपण यंत्रालाही येतं. ते खरोखर आलं आहे का, एवढंच बघायचं असतं.

मिंट बसलं. मराठीसाठी इनस्क्रिप्टचा कळफलक निवडला, दुधाच्या हिशेबाचं पान उघडलं, आकडे जिथल्या तिथे होते. मग आईच्या ओव्यांची फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हं यांचा नुसता पसारा दिसला.

ताईने त्या ओव्या तेव्हाच्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप केल्या होत्या. त्या फॉन्टांत देवनागरीची वळणं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. फॉन्ट जागेवर असेतो मराठी दिसायचं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. युनिकोडने देवनागरीला स्वतःची १२८ घरं दिली, आणि विंडोज २००० पासून विंडोजच्या संगणकांवर मराठी आपल्या घरात राहू लागलं. पण छापखान्यांत, टायपिंगच्या दुकानांत जुनी पद्धत पुढे वर्षानुवर्षं चालली. गावोगावच्या संगणकांत असा मजकूर किती पडून असेल, याचा विचार केला की जीव घाबरा होतो: जत्रेच्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांचे अंक, कुणाच्या आजीची कहाणी.

परिवर्तक वापरून फाइल युनिकोडमध्ये आणली. तरी काम संपलं नाही. ऱ्हस्व वेलांट्या अक्षर चुकून पुढच्याला चिकटल्या होत्या, रफार भलत्याच डोक्यावर बसले होते, ‘दुसऱ्या’तला र मोडून पडला होता. त्या चुका दुरुस्त करायला आई शेजारी बसली. मी वाचायचं आणि तिने सांगायचं, “असं न्हाई, भाऊराया आधी येतो.” तिच्या ओठांवर ओवी अखंड होती. पडद्यावर ती ओळीओळीने सावरत गेली. आता ती फाइल कुठल्याही फोनवर, कुठल्याही प्रणालीवर उघडते. नव्या प्रणालीची बाजू मी मनापासून घेतो ती यासाठी. जुन्या यंत्रावर जुनीच प्रणाली धरून बसलो असतो, तर त्या ओव्या त्याच एका डब्यात अडकून राहिल्या असत्या आणि डिस्कबरोबर गेल्या असत्या.

जुनं टिकवायचंच, असा माझा हट्ट नाही. तपासणीचं उत्तर ‘संगणक नको’ असंही येऊ शकतं. उसाच्याच मुलखातलं त्याचं उदाहरण वारणानगरचं आहे. १९९८ साली तिथल्या सहकारी संस्थांच्या भागातल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. देशभर त्याचं नाव झालं. गावात संगणक बसले, आणि उसाच्या नोंदी, तोडणी, वजन, बिल ही माहिती शेतकरी आणि कारखाना यांच्यात त्यांवरून ये-जा करू लागली. काही वर्षांनी तिथे अभ्यास करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी विचारलं, शेतकरी या यंत्राकडून नेमकं काय मागतो? उत्तर होतं ऊस आणि त्याचा हिशेब. ते काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होईल का, हे त्यांनी सात गावांत आठ महिने चालवून पाहिलं. झालं. खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं. तिथे संगणकाला निरोप देणं योग्य ठरतं, कारण कामाची परीक्षा घेऊन ते उत्तर आलं होतं. वारणेचा निकाल आणि आमच्या घरातला निकाल उलटसुलट आहेत, रीत मात्र एकच आहे.

हीच रीत आता घराबाहेर यावी, असं मला कळकळीने वाटतं. बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या शाळांत, ग्रामपंचायतींत, वाचनालयांत चौथ्या-पाचव्या-सहाव्या पिढीचे संगणक आहेत. त्यातले कितीतरी एका तारखेमुळे कपड्याखाली झाकले गेले, तर नुकसान पोरांचं होईल. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं संगणक शिकवून दाखवला आहे. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, पॉलिटेक्निकं आहेत, आयटीआय आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांतल्या मुलांनी गावच्या शाळेत जावं आणि एकेक संगणक उघडावा. सेल, रॅम, डिस्क, पंखा बघावा. पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून बघावी. ज्या कचेरीला ठरावीक विंडोजच्याच सॉफ्टवेअरची किंवा डिजिटल सहीची गरज आहे, तिथे नवा संगणकच घ्यावा लागेल, हेही स्पष्ट लिहावं. जो चाचणीत नापास होईल तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम तेच सांगतात, आणि आतलं शिसं विहिरीत उतरू नये म्हणून ते पाळलेच पाहिजेत.

प्रत्येक संगणकावर एक कागद चिकटवावा: काय तपासलं, काय बदललं, कुठल्या कामाला योग्य, पुन्हा कधी तपासायचं, आणि तपासणाऱ्याची सही. अशी सही करायची तर त्या मुलाला यंत्राच्या आत बघावं लागेल, आणि एकदा आत बघितलेला मुलगा ‘जुनं झालं’ एवढं म्हणून थांबणार नाही. काय बिघडलंय, असं तो विचारेल. आपल्या तालुक्यांत असे विचारणारे शेकडो हात तयार झाले, तर पुढच्या तारखेची आणि पुढच्या यादीची मला भीती वाटत नाही.